लाख दाण्यांचं वजन

२ ऑगस्ट, रविवार. सकाळपासून डबे धुते आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या कपाटात सरांचे डबे होते. तूर, हरभरा, साबुदाणा, मोहरी, तांदूळ. प्राचार्यांनी शुक्रवारी बोलावून सांगितलं की कपाटात उंदीर शिरतायत, खाण्याच्या वस्तू प्रयोगशाळेत नकोत. शिवाय आता भिंतीवर स्मार्ट बोर्ड लागला आहे, त्यात मोलचा धडा हलत्या चित्रांसकट तयार मिळतो. मी बरं म्हणाले आणि डबे पिशवीत घालून रिक्षानं घरी आणले. साबुदाण्याला जाळी धरली होती. तुरीचं पीठ झालं होतं. तांदळाच्या डब्यात किडेच जास्त, तांदूळ नावाला. सगळं बाहेर टाकलं आणि डबे घासायला घेतले. जुन्या वस्तूंचा मला लोभ नाही. डबे चांगल्या स्टीलचे आहेत, म्हणून ठेवले.

सर रसायनशास्त्र शिकवायचे. मी धाराशिवला त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा ते पन्नाशीकडं आले होते. उंची बेताची, अंग वाळक्या शेंगेसारखं, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण. आवाज मात्र असा की ते शिकवायला लागले की तीन वर्ग पलीकडं इतिहासाच्या मॅडम उठून दार लावून घ्यायच्या.

पहिल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पाणी मागितलं. सरांनी माठातून टोपणात पाणी घेतलं, टोपणावरची रेघ डोळ्यांसमोर धरून तपासली, दोन थेंब परत माठात सोडले आणि टोपण माझ्यापुढं केलं.

"घ्या मॅडम. एक मोल."

मी उन्हातून चालत आले होते. ते संपवून अजून मागितलं, तर त्यांनी विचारलं, किती मोल? मला वाटलं नव्या मास्तरणीची चेष्टा चालली आहे. पण ते टोपण हातात धरून उत्तराची वाट बघत होते.

रसायनशास्त्राशी ज्यांचा संबंध दहावीत संपला त्यांच्यासाठी सांगते. अणू आणि रेणू इतके बारीक असतात की मोजता येत नाहीत. म्हणून वजन करायचं. एका दाण्याचं वजन माहीत असलं की पोत्याच्या वजनावरून आत दाणे किती ते काढता येतं, तसंच. डझनात जसे बारा, तसे एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं इतके कण. पाण्याचे तेवढे रेणू घेतले तर वजन भरतं अठरा ग्रॅम. मिठाचं तेवढं मोजून घेतलं तर साडेअठ्ठावन्न. धड्यात याहून जास्त काही नाही, आणि दरवर्षी अर्धा वर्ग इथंच आडवा होतो. आमच्याकडं मुलं येतात खेड्यांतून, दहावी मराठीतून करून. अकरावीचं इंग्रजी पुस्तक उघडलं की पहिल्याच धड्यात ती तेवीस शून्यं समोर उभी राहतात आणि पोरं वही मिटून खिडकीबाहेर बघायला लागतात.

सर त्यांना ज्वारी सांगायचे. "तेवढे ज्वारीचे दाणे घ्या. अख्ख्या महाराष्ट्रावर पसरा. थर किती उंच व्हईल? हितून सोलापूर जेवढं लांब हाय तेवढा वर." पोरं वर बघायची. सोलापूरला एसटीनं जाऊन आलेलं असायचं प्रत्येक जण, त्यामुळं ती उंची त्यांना बरोबर कळायची. मग सर खिशातलं टोपण काढून पाणी भरायचे. "आन् तेवढेच रेणू ह्यात." आणि पिऊन टाकायचे.

त्यानंतर डबे निघायचे. प्रत्येक गटाला एक डबा. शंभर दाणे मोजायचे, त्यांचं वजन करायचं, मग डब्यातल्या सगळ्या मालाचं वजन करायचं आणि आत दाणे किती ते सांगायचं. शंभराच्या पुढं मोजायला बंदी. मोजायचं ते खळ्यावरच्या रीतीनं. आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. सरांच्या तासाला वऱ्हांड्यातून जाणाऱ्याला आतून असा घोष ऐकू यायचा आणि बाजार समिती भरल्यासारखं वाटायचं.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "कशाचा?" कुणी नुसतं एक मोल ऑक्सिजन म्हटलं की सरांचा हात वर. अणूंचा का रेणूंचा? अणूंचा असेल तर सोळा ग्रॅम, रेणूंचा असेल तर बत्तीस. हे वर्गात ठीक होतं. पण ते चपलेच्या दुकानातही दुकानदारानं दोनशे रुपये म्हटलं की विचारायचे, कशाचे, चपलेचे का जोडाचे? दुकानदार त्यांना बघून आत जायचा आणि मुलाला पुढं पाठवायचा.

एकदा भूमकडच्या एका मुलानं घरचा खवा आणला आणि डबा टेबलावर ठेवून विचारलं, सर, याचा मोल किती? वर्ग हसला. सरांनी डबा उघडून वास घेतला. ज्याचे सगळे कण एकसारखे त्याचाच मोल, म्हणाले. खव्यात पाणी, साखर, तूप, अजून काय काय. "ह्याला मोल न्हाय. ह्याला चमचा लागतो." चमचा मागवला आणि खाल्ला. परीक्षेत मिश्रणाचा प्रश्न आला तेव्हा त्या वर्गातलं एकही पोर चुकलं नाही.

विद्यार्थ्यांच्या लग्नात ते तांब्याची पळी द्यायचे. एक मोल तांबं, साडेत्रेसष्ट ग्रॅम. बाजारातली पळी नेहमी थोडी जास्तच भरायची, म्हणून सर तिच्या दांड्याला कानस मारून घ्यायचे. कानस मारणारा कारागीर म्हणायचा की ह्या माणसाच्या पळ्या बघून माझं नाव खराब होतंय, लोक विचारतात दांडा उंदरानं खाल्ला का. माझ्या नणंदेला अशीच एक मिळाली आहे. ती नैवेद्याच्या ताटात ठेवते, दांडा भिंतीकडं करून.

दुसरं वाक्य होतं, "पाणी धरलं का?" मोरचूद सगळ्यांना माहीत असतो, शेतकरी फवारणीला वापरतात, निळा खडा. त्या निळ्या खड्यात पाणी असतं. हाताला कोरडा लागतो, पण मोरचुदाच्या प्रत्येक घटकामागं पाण्याचे पाच रेणू आत बसलेले असतात. त्याचं वजन धरायचं असतं. मुलं हटकून विसरतात, आणि मग उत्तर चुकतं. विसरलं की सर अर्धा मार्क कापायचे. बाकी गणित सोन्यासारखं सोडवलेलं असलं तरी. पालक भांडायला आले तरी. एका पालकानं विचारलं की सर, एवढ्याशा पाण्यासाठी? सर म्हणाले, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल पाणी हाय, तुमी दूध असं घ्याल का?

या धड्यावर सर दोन आठवडे काढायचे. प्राचार्यांच्या हिशेबात तो चार तासांचा होता. बोलावणं यायचं, सर जायचे, मान हलवायचे, येऊन पुढच्या डब्याचं झाकण उघडायचे. मीही त्यांना सांगितलं होतं की अभ्यासक्रम राहतो, मागून मला धावावं लागतं. खरोखरच धावावं लागायचं. माणूस गमतीचा आहे म्हणून शेजारच्याचं काम कमी होत नाही.

आता आत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर बेंबळीचं, कपाळाला विभूती, तोंड फटकळ. माझ्या नवऱ्याचा मोटारसायकलवरून पडून हात मोडला होता, तो नीट जुळला तर महादेवाला तांदळाची लाखोली वाहीन असं त्या बोलल्या होत्या. लाखोली म्हणजे एक लाख दाणे. अख्खे, न मोडलेले. हात जुळला. आत्या रोज दुपारी ताट घेऊन मोजायला बसू लागल्या. शंभर दाणे झाले की एक चिंचोका बाजूला.

मोजता मोजता त्यांना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी त्या चिंचोक्यांत चुकायच्या, मग दाण्यांत. चुकल्या की सगळं परत पोत्यात आणि पहिल्यापासून. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा डोळा पार पिकलाय, आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल आणि नजर गेली तर परत येणार नाही. आत्या म्हणाल्या, नवस अर्धा ठेवून मी दवाखान्याच्या खाटेवर झोपणार नाही. आधी लाख, मग डोळा. आम्ही मोजून देतो म्हटलं तर तेही नाही. नवस त्यांचा, मोजणार त्याच. दिसत नाही म्हणून मोजता येत नाही, आणि मोजलं नाही म्हणून दिसायचा उपाय करता येत नाही. नवरा समजावून थकला. मी एकदा जोरात बोललेही.

हे मी स्टाफरूममध्ये चिडून सांगत होते. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, कारण संध्याकाळी सर दारात. स्कूटरवरून आले होते आणि प्रयोगशाळेचा वजनकाटा टॉवेलात गुंडाळून, बाळासारखा पोटाशी धरून आणला होता.

पंखा बंद करायला लावला. काटा ओट्यावर ठेवला, त्याच्याखाली घडी करून कागद सारला, आणि आत्यांना म्हणाले, मावशी, लाख दाणे मोजू नका, तोला.

"मास्तर, देव काय तराजू घिऊन बसलाय?"

"तुमी बेंबळीत तूर विकली तवा दाणे मोजून दिले का?"

"त्यो यापारी व्हता. ह्यो महादेव हाय."

"मग तर बरंच हाय. यापारी काट्यात मारतो. महादेव मारत न्हाय, आन् म्या बी मारत न्हाय."

आत्या माझ्याकडं वळून म्हणाल्या की ह्यो मास्तर लई बोलतोय. पण ताट पुढं ओढलं.

सरांनी नवसाचा नियम मोडला नाही. मोजायचं आत्यांनीच, पण फक्त शंभर. पोत्यातला कोलम तांदूळ ताटात घेतला. आत्या बोटानं दाणा सरकवायच्या आणि म्हणायच्या, लाभ, दोन, तीन. तुकडा लागला की बोटालाच कळायचा, तो बाजूला. सर समोर वाकून बसले होते, ओठ हलवत मनातल्या मनात मोजत होते, पण मध्ये एकदाही बोलले नाहीत. त्या माणसाला इतका वेळ गप्प बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. तुकडे बाहेर काढलेले बघून मात्र खूष झाले. सगळे दाणे अख्खे, हेच पाहिजे, अणूचंही असंच असतं म्हणाले, अर्धा चालत नाही.

असे दहा वेळा शंभर मोजून झाले. सरासरी शंभर दाण्यांना एक पूर्णांक चार दशांश ग्रॅम. म्हणजे लाख दाण्यांना एक किलो चारशे.

आत्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पोत्यात हात घालून छोटी मूठ भरली आणि सरांच्या काट्यावर सोडली. सांगा. सरांनी आकडा बघितला आणि म्हणाले, बाराशे. मग मी आणि माझा नवरा टेबलाच्या दोन टोकांना बसून ती मूठ मोजली. माझा हात काय हे मोजायला जुळला होता, असं नवरा पुटपुटला. बाराशे तीन निघाले.

"तीन जास्तच हायेत," सर जरा ओशाळून म्हणाले.

"जास्त चालत्यात," आत्या म्हणाल्या. "कमी नकोत."

तिथं ठरलं. श्रावणातल्या सोमवारी लाखोली, मंगळवारी सोलापूर. मी लगेच फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली, आत्यांचं मन बदलायच्या आत.

सोमवारी आत्यांनी पहाटेच तांदूळ धुतला, त्याला हळद लावली आणि परातीत पसरून ठेवला. देवाला कोरडा पांढरा तांदूळ कसा वाहायचा, हे त्यांनी कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. सर कॉलेजच्या आधी काटा घेऊन आले. काटा लहान होता, म्हणून दोनशे-दोनशे ग्रॅमचे सात वाटे केले. पिवळेजर्द सात ढीग. आत्यांनी ते तांब्याच्या घागरीत भरले आणि माझ्या खांद्याला धरून गल्लीतल्या महादेवाच्या देवळात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा सैल झाला होता. मी त्यांच्या सोलापूरच्या पिशवीत दोन लुगडी, टॉवेल आणि रिपोर्ट भरून ठेवले, आणि प्रसादाच्या अक्षता कागदात बांधून स्टाफरूमसाठी घेऊन कॉलेजला आले. सगळ्यांना चिमूट चिमूट वाटल्या. सरांनी आपली चिमूट टोपणात ठेवली.

दुसरा तास सरांचा होता. मी शेजारी प्रयोगशाळेत बाटल्या भरत होते. भिंतीपलीकडून मोरचुदाचं गणित चाललेलं ऐकू येत होतं. कुणीतरी उत्तर सांगितलं. सरांचा आवाज आला, "पाणी धरलं का?" आणि मग काहीच नाही. मी हातातली बाटली खाली ठेवली, कारण त्या भिंतीपलीकडं शांतता ही गोष्ट नसायची. मिनिटभरानं सर हातात खडू तसाच घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे होते.

"मॅडम, तांदूळ ओला व्हता."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. शंभर दाणे मोजले ते पोत्यातले, कोरडे. तोलले ते धुतलेले, हळद लावलेले. किलो चारशे भरले खरे, पण त्यात पाणी होतं. दाणे कमी होते.

सरांनी टोपणातला प्रसाद मोजला. शंभर भरेनात. मग ते स्टाफरूममध्ये गेले आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन प्रसाद परत मागू लागले. गणिताच्या सरांनी पाकिटात ठेवला होता, तो काढून दिला. शिपायानं खिशातून चार दाणे काढले. इतिहासाच्या मॅडमनी खाल्ला होता. सर त्यांना म्हणाले, किती दाणे होते ते आठवतं का? त्या अजूनही ही गोष्ट सांगतात, आणि हसत सांगत नाहीत.

शंभर झाले. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या काट्यावर वजन एक पूर्णांक चौपन्न. "आन् आता तर ऊन खाल्लंय. सकाळी ह्याहून ओले असणार," सर म्हणाले आणि माझ्याच प्रॅक्टिकलच्या वहीमागं गणित मांडलं. नऊ हजार दाणे कमी. दहा हजार धरा.

मी त्यांना सरळ सांगितलं की हे घरी बोलायचं नाही. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे, पुढची कधी मिळेल कुणास ठाऊक. महादेवानं तक्रार केलेली नाही. आत्यांचं मन तयार आहे. डोळा होऊन जाऊ दे, मग पाहिजे तर दहाच्या जागी वीस हजार वाहू.

"पाण्यासाठी म्या पोरांचे मार्क कापलेत मॅडम. इतकी वर्सं."

"मग तुमचाही अर्धा मार्क कापा सर. पण त्यांचा डोळा होऊ द्या."

"त्यांनी इचारलं होतं, लाख झाले का. म्या व्हय म्हणलो." त्यांचा आवाज इतका खाली मी ऐकला नव्हता. "डोळे मिटून त्या माझ्या व्हयवर उद्या झोपणार. ते व्हय खोटं हाय."

मी म्हणाले की तुम्ही आलात तर मी दार उघडणार नाही. तेव्हा मी हे रागानं म्हणाले नव्हते. एका डोळ्याची नजर जाईल की राहील एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता, आणि तो मला आजही मोठा वाटतो.

संध्याकाळी सर आले. हातात हाच तांदळाचा डबा, जो आता माझ्यासमोर पालथा पडला आहे. मी दारात उभी राहिले. पण त्या आवाजाला दार अडत नाही. त्यांनी अंगणातूनच सांगितलं, मावशी, म्या चुकलो. आत्यांनी आतून विचारलं कोण हाय, आणि मला बाजूला व्हावं लागलं.

सर खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानं सगळं सांगितलं, पोरगं पाठ म्हणून दाखवतं तसं. तांदूळ ओला होता. मी कोरड्याचा हिशेब लावला. लाख झाले नाहीत. आत्या पलंगावर बसून ऐकत होत्या. शेजारी त्यांची पिशवी भरलेली होती. त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि मला वाटलं, आता त्या ती रिकामी करणार. लुगडी परत कपाटात, ताट परत मांडीवर.

"किती कमी हायेत?"

"नऊ हजार. दहा धरा."

"आन् ह्या डब्यात काय हाय?"

"दीडशे ग्रॅम. कोरडे. तुकडे काढलेत. दहा हजार सातशे."

"म्हंजे आता लाखाच्या खाली न्हाईत."

"खाली न्हाईत," सर म्हणाले. त्यांना तिथंच थांबता आलं असतं, पण थांबले नाहीत. "वर किती जास्त, ते मातर सांगता यायचं न्हाय."

आत्या उठल्या, भिंत धरत कोठीपर्यंत गेल्या, पोत्यात हात घातला आणि मूठ भरून आणली. डबा चाचपला आणि मूठ त्यात सोडली.

"खळ्यावर माप काठोकाठ देत न्हाईत मास्तर. वर मूठ टाकायची असती. सकाळी ती टाकायची राहिली, म्हणून कमी पडलं."

सरांचा हात टेबलाकडं गेला. काटा सकाळपासून तिथंच होता, टॉवेलाखाली.

"काय करायलाव?" आत्यांनी विचारलं. दिसत नव्हतं, पण टॉवेल सरकल्याचा आवाज आला असणार.

"काय न्हाय," सर म्हणाले आणि टॉवेल परत नीट केला.

दिवेलागणीला दोघं देवळात गेले. मी मागून चालले होते. आत्यांनी सरांचा खांदा धरला होता आणि डबा सरांच्या हातात होता. पुजाऱ्यानं विचारलं की आजी, सकाळी वाहिली ना लाखोली? आत्या म्हणाल्या, सकाळी पाणी वाहिलं, आता तांदूळ.

मंगळवारी आम्ही पहिल्या एसटीनं सोलापूरला गेलो. डोळा चांगला झाला. पट्टी निघाल्यावर सर भेटायला आले, तेव्हा आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "एवढासाच हाय व्हय ह्यो? आवाजावरून म्या पैलवान समजत व्हते."

त्या वर्षी सरांनी फळ्यावर विद्यार्थ्यांच्या मार्कांच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढं वजा अर्धा. मुलांनी कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, माझ्या घरातलं, माझ्या सासूचं, प्रसाद परत मागितल्याचंसुद्धा. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण त्या परीक्षेत मोरचुदाचं पाणी कुणी विसरलं नाही, हे मीच पेपर तपासले म्हणून मला माहीत आहे.

सर आता निवृत्त होऊन बेंबळीला शेतावर असतात. मध्यंतरी बियाणाच्या दुकानात भांडले असं कळलं. पिशवीवर वजन लिहिता, बी किती ते का लिहीत नाही, असा वाद होता. दुकानदारानं पिशवी पुढं करून म्हटलं, तुम्हीच मोजा. त्यांनी काटा मागितला.

संध्याकाळी डबे पुसून ठेवले आणि मोबाईलवर स्मार्ट बोर्डाचा तो धडा बघितला, मंगळवारी अकरावीचा पहिला तास आहे म्हणून. धडा चांगला आहे. रंगीत गोळ्या येतात, शून्यं एकामागून एक पळत जातात, शेवटी टाळ्या वाजतात. चूक कुठंच नाही. चित्रातल्या दाण्याला ओल लागत नाही, मग चूक येणार कुठून? आत्या शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी रिकामा डबा उचलून खिडकीकडं धरला, आत बघितलं आणि तळाला राहिलेला एक किडा मला बोटानं दाखवला. मी तो डबा परत घासला.

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो कोलम आणला, परातीत पसरला आणि गच्चीवर ठेवला. रात्री पाऊस होऊन गेला होता, पण ऊन पडलं होतं. चिमण्या हाकायला आत्या काठी घेऊन बसल्या. तासाभरानं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तांदूळ तोलला आणि पुन्हा पसरला. पुन्हा तोलला. आकडा हलला नाही तेव्हा डब्यात भरला, आणि प्राचार्यांना सांगायला निघाले की हे खाण्याचं नाही.